वय, विचारसरणी आणि अध्यक्षीय निवडणुका: ठाण्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत मंगळवारी मतदान होतं आणि आपल्याकडे बुधवारी पहाटेपासून निकाल येऊ लागतात. ठाण्यात त्या सकाळी टीव्हीसमोर बसणारी घरं थोडी नाहीत. कुणाची लेक न्यू जर्सीत, कुणाचा मुलगा टेक्ससमध्ये. ऐरोलीच्या आयटी पार्कात अमेरिकेच्या वेळेनुसार रात्रपाळी करणारी मुलं मतमोजणी चालू असतानाच घरी परततात. नौपाड्यात आमचा एक छोटा अभ्यासगट आहे. निवृत्त मंडळी असतात, कॉलेजातली मुलंही येतात. तरुण कुणाला मत देतात, ज्येष्ठ कुणाला आणि का, यावर तिथे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. बहुतेक उदाहरणं अमेरिकेची आहेत, कारण वयानुसार मतांचा इतका जुना आणि सलग हिशेब फार थोड्या देशांकडे आहे. आपल्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीचा आणि ठाण्याचा विषय शेवटाकडे आहे.

तरुण डावीकडे आणि वयस्क उजवीकडे, हे खरं का?

अमेरिकेपुरतं आणि गेल्या वीस वर्षांपुरतं बोलायचं तर बऱ्याच अंशी खरं. तिथे डेमोक्रॅटिक पक्ष डावीकडचा आणि रिपब्लिकन पक्ष उजवीकडचा मानला जातो. २००८ साली १८ ते २९ वयोगटातल्या ६६ टक्के मतदारांनी डेमोक्रॅटिक ओबामांना मत दिलं, रिपब्लिकन मॅक्केन यांना ३२ टक्क्यांनी. २०२० साली याच वयोगटात डेमोक्रॅटिक बायडेन ६० टक्के आणि रिपब्लिकन ट्रम्प ३६ टक्के. पासष्टीपुढच्यांमध्ये मात्र ट्रम्प ५२ आणि बायडेन ४७. हे सगळे आकडे एक्झिट पोलचे आहेत. ते किती भरवशाचे, ते पुढे येईलच.

आता जरा मागे जाऊ. २००० साली तिशीच्या आतल्या मतदारांत अल गोर ४८ आणि बुश ४६, म्हणजे जवळपास बरोबरी होती. पासष्टीपुढच्यांत तर डेमोक्रॅटिक पक्षाचे गोरच थोडे पुढे होते. १९८४ साली रेगन ७३ वर्षांचे होते, पक्के उजवे होते आणि तिशीच्या आतल्या दर दहा मतदारांपैकी जवळपास सहा जण त्यांच्या बाजूला होते. १९७१ साली २६ व्या घटनादुरुस्तीने मतदानाचं वय २१ वरून १८ वर आणलं. व्हिएतनामला लढायला पाठवता तर मताचा हक्क का नाही, हा त्यामागचा सवाल होता. पुढच्याच वर्षी ही नवी पोरं युद्धविरोधी मॅकगव्हर्न यांना निवडून आणतील असा अनेकांचा होरा होता. प्रत्यक्षात रिपब्लिकन निक्सन यांनी ५० पैकी ४९ राज्यं जिंकली, आणि तिशीच्या आतली निम्म्याहून थोडी जास्त मतंही त्यांनाच पडली.

तात्पर्य, वयाची ही दरी २००४ नंतर रुंदावली आहे. तरुण डावे असतातच, असा काही नियम नाही.

‘विशीत डावा नसेल तर त्याला हृदय नाही, चाळिशीत उजवा नसेल तर डोकं नाही.’ हे चर्चिलचं वाक्य ना?

व्हॉट्सअॅपवर ते चर्चिलच्या नावाने फिरतं, पण ते त्यांचं असल्याचा कुठलाही पुरावा नाही. त्यांचं स्वतःचं आयुष्य तर नेमकं उलट गेलं. १९०० साली, पंचविशीत, ते कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षातर्फे खासदार झाले आणि १९०४ साली तो पक्ष सोडून लिबरलांकडे गेले. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षात ते परतले पन्नाशीच्या उंबरठ्यावर.

मग वय वाढलं की माणसाचं मत बदलतं की नाही?

हा या विषयाचा गाभा आहे, म्हणून इथे थोडं सविस्तर.

आजच्या सत्तर वर्षांच्या माणसाचं मत वीस वर्षांच्या मुलीपेक्षा वेगळं असेल तर त्याची तीन कारणं संभवतात. पहिलं, वय. लग्न, मुलं, घराचं कर्ज, कर भरणं यातून माणूस सावध होतो आणि मोठ्या बदलांना बिचकतो. दुसरं, पिढी. तो ज्या काळात घडला तो काळ वेगळा होता, आणि तो वीस वर्षांचा असतानाही आजच्या वीस वर्षांच्या मुलीसारखा नव्हता. तिसरं, त्या वर्षीची हवा. महागाई, युद्ध, साथ यांचा धक्का सगळ्यांनाच बसतो, फक्त कमीजास्त.

अडचण अशी की चालू साल उणे जन्मसाल म्हणजे वय. यातल्या दोन गोष्टी ठरल्या की तिसरी आपोआप ठरते. त्यामुळे नुसत्या आकडेमोडीने या तीन कारणांची पूर्ण फारकत करता येत नाही, काहीतरी गृहीत धरावंच लागतं. ‘वयामुळे इतके टक्के मतं उजवीकडे सरकतात’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर त्याने काय गृहीत धरलं ते आधी विचारा.

यातून वाट काढायची तर एकाच पिढीला वर्षानुवर्षं पाहत राहावं लागतं. २००० साली अमेरिकेतले वृद्ध डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकलेले का होते? त्यांच्यातले अनेक जण १९३० च्या महामंदीत आणि रुझवेल्ट यांच्या काळात वाढलेले होते. सरकारने रोजगार दिला, म्हातारपणाची पेन्शन सुरू केली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. सत्तरी-ऐंशी गाठली तरी त्यांच्यातल्या पुष्कळांचा कल टिकला. ही पिढी काळाच्या पडद्याआड गेली. तिच्या जागी आयझेनहॉवर यांच्या आणि पुढे रेगन यांच्या काळात घडलेले लोक ज्येष्ठ झाले आणि ‘वृद्ध म्हणजे रिपब्लिकन’ हे समीकरण दिसू लागलं. पासष्टीची पायरी तीच होती, तिथे पोचलेली माणसं बदलली.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मतदाराचं वय किती, यापेक्षा तो कोणत्या साली अठरा वर्षांचा झाला हे विचारलं तर जास्त कळतं. वयाचा परिणाम शून्य आहे असं मी म्हणत नाही, पण सांगितला जातो त्यापेक्षा तो बराच लहान आहे.

कोणत्या वयातल्या घटनांचा ठसा सर्वांत खोल उमटतो?

कार्ल मानहाइम या समाजशास्त्रज्ञाने १९२८ सालीच मांडलं होतं की एका वर्षी जन्मणं म्हणजे एका पिढीचं होणं नव्हे. ऐन उमेदीत एकच उलथापालथ एकत्र अनुभवावी लागते, तेव्हा पिढी तयार होते. अलीकडे यायर गिट्झा, अँड्र्यू गेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्याने अमेरिकेतल्या अनेक दशकांच्या पाहण्या एकत्र करून पाहिल्या. साधारण १४ ते २४ या वयात राष्ट्राध्यक्ष लोकप्रिय होता की नकोसा झाला होता, याचा परिणाम त्या माणसाच्या मतावर पुढे अनेक वर्षं राहतो, असं त्यांना दिसलं. सर्वाधिक जोर अठराच्या आसपास. ओल्या सिमेंटवर पाय पडावा तसं हे वय असतं. नंतरही पावलं पडतात, पण इतकी खोल रुतत नाहीत.

ठाण्यापुरता विचार करून पाहा. एकजण १९७७ साली, आणीबाणी उठल्यावरच्या वसंतात कॉलेजात होता. दुसऱ्याने ऐन तारुण्यात मुंबईतला १९८२ चा गिरणी संप पाहिला आणि पुढे वागळे इस्टेटमधले कारखाने एकेक करून बंद पडताना पाहिले. तिसरी १९९१ नंतरच्या मोकळ्या बाजारात मोठी झाली. चौथ्याला पहिलं मत द्यायला मिळालं तेव्हा हातात स्मार्टफोन होता. एकाच सोसायटीत, एकाच मजल्यावर हे चौघं राहतात. ‘सरकार’ म्हटल्यावर प्रत्येकाच्या मनात येणारं चित्र वेगळं असतं.

वय जास्त महत्त्वाचं की विचारसरणी?

विचारसरणी, आणि फरक फार मोठा आहे. २०२० च्याच एक्झिट पोलमध्ये स्वतःला लिबरल, म्हणजे उदारमतवादी, म्हणवणाऱ्यांपैकी ८९ टक्के बायडेन यांच्याकडे गेले, कॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे पुराणमतवादी, म्हणवणाऱ्यांपैकी फक्त १४ टक्के. म्हणजे ७५ अंकांची दरी. वयाची दरी, तरुणांचे ६० आणि ज्येष्ठांचे ४७, जेमतेम १३ अंकांची. सत्तर वर्षांची लिबरल बाई आणि बावीस वर्षांची लिबरल मुलगी बहुतेक वेळा एकाच उमेदवाराला मत देतात.

मात्र विचारसरणीचं हे वजन कायम इतकं नव्हतं. १९६० च्या दशकापर्यंत दोन्ही पक्षांत दोन्ही प्रकारची माणसं होती. दक्षिणेतले डेमोक्रॅट कट्टर पुराणमतवादी होते, तर न्यूयॉर्ककडचे कित्येक रिपब्लिकन चांगलेच उदारमतवादी. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर दक्षिणेतले गोरे मतदार हळूहळू रिपब्लिकन पक्षाकडे सरकले, ईशान्येत उलटं घडलं आणि पुढच्या काही दशकांत पक्ष आणि विचार एका रेषेत आले. आज विचारसरणी कळली की पक्ष कळतो. १९७० साली ते इतकं सोपं नव्हतं.

एक गोष्ट मला नेहमी खटकते. ‘विचारसरणीमुळे मत ठरतं’ हे वाक्य उलटंही खरं असू शकतं. अनेक जण आधी पक्ष धरतात, घरातून किंवा गल्लीतून, आणि मग पक्षाचे विचार आपले म्हणू लागतात. पाहणीत दोन्ही माणसं सारखंच उत्तर देतात. त्यामुळे ७५ अंकांची दरी म्हणजे ७५ अंकांचा विचारांचा परिणाम, असा सरळ अर्थ काढू नये.

माझा भाऊ अमेरिकेत स्वतःला कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणवतो, पण सरकारी आरोग्य विम्याला हात लावलेला त्याला चालत नाही. हे कसं?

तो एकटा नाही, ताई. लॉइड फ्री आणि हॅडली कँट्रिल या अभ्यासकांनी १९६७ सालीच ही गोष्ट नोंदवली होती. स्वतःवर कुठली पाटी लावता असं विचारलं तर अमेरिकन माणूस कॉन्झर्व्हेटिव्हकडे झुकतो. शिक्षण, आरोग्य, पेन्शन यांवरचा सरकारी खर्च कमी करू का, असं विचारलं तर तोच नको म्हणतो. पाटी एक आणि मागण्या दुसऱ्या.

ज्येष्ठांच्या बाबतीत हे ठळकपणे दिसतं. सोशल सिक्युरिटी ही पेन्शन योजना १९३५ सालची आणि मेडिकेअर हा वृद्धांचा आरोग्य विमा १९६५ सालचा. दोन्हींचे लाभार्थी प्रामुख्याने ज्येष्ठ, आणि मतदानाला सर्वांत नेमाने जाणारेही तेच. २००५ साली, नुकतेच दुसऱ्यांदा निवडून आलेल्या बुश यांनी सोशल सिक्युरिटीचा काही भाग खासगी खात्यांत वळवायचा प्रस्ताव मांडला. संसदेत बहुमत त्यांच्याच पक्षाचं होतं, तरी त्यावर कधी मतदानसुद्धा झालं नाही. २०१६ साली ट्रम्प यांनी या दोन योजनांना हात लावणार नाही असं प्रचारातच सांगून टाकलं. रिपब्लिकन पक्षाच्या जुन्या भूमिकेपासून हे दूर होतं आणि वयस्क मतदारांच्या मनाजोगतं होतं.

आपल्याकडे ईपीएस-९५ या भविष्यनिर्वाह निधीशी जोडलेल्या पेन्शन योजनेचे पेन्शनर किमान पेन्शन हजार रुपयांवरून वाढवा म्हणून वर्षानुवर्षं आंदोलनं करत आले आहेत. त्यांत सगळ्या पक्षांचे मतदार आहेत. वयाचं हित विचारसरणीला ओलांडून जातं ते असं.

तरुण मतदानाला कमी का येतात? त्यांना फिकीर नसते म्हणून?

फिकीर नसते हे मला मुळीच मान्य नाही. आमच्या गटात सर्वांत बोचरे प्रश्न वीस-बावीस वर्षांचीच मुलं विचारतात.

आकडे मात्र बोलके आहेत. अमेरिकेच्या जनगणना विभागाच्या पाहणीप्रमाणे २०२० साली १८ ते २४ वयोगटातल्या नागरिकांपैकी ५१.४ टक्क्यांनी मतदान केलं आणि ६५ ते ७४ वयोगटातल्या ७६ टक्क्यांनी. तरीही ते तरुणांसाठी चांगलंच वर्ष होतं. फरक किती पडतो याचा हिशेब करून पाहू. शंभर तरुण धरा. त्यांतले ५१ मतदानाला आले आणि ६० विरुद्ध ३६ टक्के अशी विभागणी झाली, तर एका पक्षाला साधारण १२ मतांची आघाडी मिळते. ज्येष्ठांइतकेच, म्हणजे ७६ आले असते, तर आघाडी १८ ची झाली असती. एकाचंही मत न बदलता, नुसतं घराबाहेर पडून.

कारणं बरीचशी कागदोपत्री आहेत. तरुण माणूस सारखा पत्ता बदलतो आणि अमेरिकेत पत्ता बदलला की बहुतेक ठिकाणी नाव पुन्हा नोंदवावं लागतं. मतदानाचा मंगळवार १८४५ च्या कायद्याने ठरलेला आहे आणि देशभर त्या दिवशी सुट्टी नसते. तासांवर पगार मिळणाऱ्या मुलाला दोन तासांची रांग महागात पडते. शिवाय मतदान ही सवय आहे. पहिल्या दोन-तीन निवडणुकांत जो गेला तो पुढेही जात राहतो. हा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे आणि माझाही अनुभव तोच.

ठाणेकरांना यातलं काही अनोळखी वाटू नये. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये राहायला आलेल्या कित्येकांची नावं अजून परळ-लालबागच्या किंवा गावाकडच्या यादीत आहेत. वाशी-नेरुळमध्ये भाड्याने राहणाऱ्या नोकरदार मुलांचंही तसंच. मतदानाच्या दिवशी ते घरात बसून असतात आणि लोक म्हणतात, आजकालच्या पिढीला काही पडलेलं नाही.

२०२४ साली तरुण मुलगे ट्रम्प यांच्याकडे वळले म्हणतात. खरं का?

हो. तिशीच्या आतल्या मतदारांत डेमोक्रॅटिक उमेदवार कमला हॅरिस पुढे राहिल्या, पण बायडेन यांची २०२० ची मोठी आघाडी बरीच आटली. खरी बातमी मुलगे आणि मुलींमधल्या अंतराची होती. तरुण स्त्रियांत हॅरिस यांना स्पष्ट आघाडी मिळाली. तरुण पुरुषांत एका पाहणीत जवळपास बरोबरी दिसली, तर दुसरीत ट्रम्प चांगलेच पुढे. नेमका आकडा वादाचा आहे, दिशा वादाची नाही.

कारणं म्हणून महागाई, घरभाडं, नोकरीची अनिश्चितता आणि मुलगे-मुली इंटरनेटवर अगदी वेगवेगळ्या जगांत वावरतात हे सांगितलं जातं. मुलींच्या बाजूला जून २०२२ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. त्याने गर्भपाताचा देशव्यापी घटनात्मक हक्क काढून घेतला, आणि तो प्रश्न वीस वर्षांच्या मुलीला जितका जवळचा तितका सत्तर वर्षांच्या पुरुषाला नाही. ‘तरुण मतदार’ असा एकच गठ्ठा करून बोलणं आता सोडायला हवं, असं मला यावरून वाटतं.

हे फक्त अमेरिकेत घडतंय का?

नाही. दक्षिण कोरियात ते आधीच दिसलं होतं. २०२२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत उजव्या बाजूचे युन सुक-योल अवघ्या ०.७३ टक्क्यांच्या फरकाने जिंकले. एक्झिट पोलप्रमाणे विशीतले बहुसंख्य पुरुष त्यांच्याकडे आणि विशीतल्या बहुसंख्य स्त्रिया विरोधी उमेदवार ली जे-म्युंग यांच्याकडे होत्या. साठीपुढचे लोक युन यांच्या बाजूला. डावीकडचा सर्वांत भक्कम गट निघाला चाळिशी-पन्नाशीतला. त्यांतले पन्नाशीचे लोक १९८७ च्या लोकशाही आंदोलनाच्या सुमारास तरुण होते. पिढीचा ठसा पाहायचा तर याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

फ्रान्समध्ये तर तरुण डावे आणि वृद्ध उजवे अशी सरळ रेघ ओढताच येत नाही. २०२२ च्या पहिल्या फेरीत सर्वांत तरुण गटात डावे मेलाँशाँ पुढे होते, ज्येष्ठांत मध्यममार्गी माक्राँ, आणि अति-उजव्या मारीन ल पेन यांची ताकद मधल्या, कमावत्या वयात एकवटलेली होती. पेन्शनरांनी माक्राँ यांना तारलं म्हटलं तरी चालेल. पोलंडमध्ये २०२५ च्या पहिल्या फेरीत तिशीच्या आतल्यांचा पहिला पसंतीचा उमेदवार कट्टर उजवा मेन्त्सेन होता आणि त्याच्यामागे डाव्या बाजूचा झांडबेर्ग. प्रस्थापित पक्षांचे दोन्ही मोठे उमेदवार तरुणांत मागे पडले. अर्जेंटिनात २०१२ पासून सोळाव्या वर्षी मत देता येतं, आणि २०२३ साली सरकारी खर्चावर करवत चालवू म्हणणाऱ्या मिलेई यांचा मोठा आधार तरुण, विशेषतः तरुण पुरुष, होते. महागाई वाढत वाढत वर्षाला शंभर टक्क्यांवर पोचताना पाहत मोठ्या झालेल्या मुलांना जुन्या व्यवस्थेबद्दल माया वाटावी तरी का?

या सगळ्यांत एकच धागा मला दिसतो. तरुण मतदार सत्तेत मुरलेल्या माणसांवर नाराज असतो. ती नाराजी डावीकडे जाईल की उजवीकडे, हे सत्तेत कोण मुरलंय आणि पर्याय म्हणून कोण उभं आहे यावर ठरतं.

तरुणांना तरुण उमेदवार आवडतो का?

तसं फारसं दिसत नाही. ७३ वर्षांचे रेगन वर आलेच. २०१६ च्या डेमोक्रॅटिक पक्षांतर्गत लढतीत तरुणांनी डोक्यावर घेतलं ते १९४१ साली जन्मलेल्या बर्नी सँडर्स यांना. मेलाँशाँ २०२२ साली सत्तर वर्षांचे होते. उमेदवाराचं वय मतदारांना खुपतं ते तो थकलेला दिसला की. ८१ वर्षांच्या बायडेन यांना जुलै २०२४ मध्ये माघार घ्यावी लागली, तेव्हा त्यांच्या वयाची काळजी सगळ्याच वयाच्या मतदारांनी बोलून दाखवली होती.

अमेरिकेतल्या भारतीयांचं काय? माझी सून तिथे मत देऊ शकते का?

ती अमेरिकन नागरिक झाली असेल तरच. एच-१बी व्हिसा किंवा ग्रीन कार्डवर राष्ट्राध्यक्षपदासाठी मत देता येत नाही. नागरिकत्व घेतलं की भारताचं नागरिकत्व जातं, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर इथे मतदान करता येत नाही. भारतीय पासपोर्ट कायम असेल तर फॉर्म ६-ए भरून नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला प्रत्यक्ष ठाण्यात यावं लागतं.

कल कुणाकडे, हेही विचारलं जातं. भारतीय वंशाचे मतदार अनेक वर्षं मोठ्या संख्येने डेमोक्रॅटिक पक्षाबरोबर राहिले आहेत. कार्नेगी एंडोमेंटच्या २०२४ च्या पाहणीत ६१ टक्के हॅरिस यांच्याकडे होते, आधीच्या खेपेपेक्षा कमी, आणि चाळिशीच्या आतल्या पुरुषांत ट्रम्प यांचा जोर वाढलेला दिसला. तीच देशभरची लाट.

एक्झिट पोलवर किती विसंबायचं?

मोठा कल समजण्यापुरतं. एखाद-दोन अंकांच्या फरकावर वाद घालू नये. अमेरिकेत आता लाखो लोक टपालाने किंवा आधीच मतदान करतात, त्यांना फोनवर गाठावं लागतं. वेगवेगळ्या संस्थांच्या पद्धती वेगळ्या, म्हणून आकडेही वेगळे. काही महिन्यांनी पाहणीतली नावं सरकारी नोंदींशी ताडून केलेले अभ्यास येतात, ते जास्त भरवशाचे असतात. पण तोवर बातम्या थंडावलेल्या असतात आणि ते फारसं कुणी वाचत नाही.

देशभर तरुणांचा कल एका बाजूला असला की निकाल लागला ना?

नाही. राष्ट्राध्यक्ष ठरतो ५३८ निर्वाचकांच्या मतांवर, आणि २७० लागतात. हे निर्वाचक राज्यवार असतात आणि जवळपास सगळ्या राज्यांत जिंकणाऱ्याला त्या राज्याचे सगळे मिळतात. कॅलिफोर्नियातल्या लाखभर जास्तीच्या तरुण मतांनी काही हलत नाही, पेनसिल्व्हेनियातल्या तेवढ्याच मतांनी निवडणूक फिरू शकते. २००० साली फ्लोरिडात फरक होता ५३७ मतांचा. ठाण्यातल्या एखाद्या मोठ्या गृहसंकुलात याहून जास्त मतदार असतात.

आपल्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीत वय आणि विचारसरणी कुठे येतात?

तुमचं-माझं वय कुठेच येत नाही, कारण आपण त्यात मत देत नाही. घटनेच्या ५४ व्या कलमाप्रमाणे संसदेचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य मत देतात. महाराष्ट्रातल्या प्रत्येक आमदाराच्या मताचं मूल्य १७५ आहे. १९७१ च्या जनगणनेतल्या राज्याच्या लोकसंख्येला २८८ आमदारांनी आणि मग हजाराने भागून ते काढलं जातं. ठाणे जिल्ह्याचे आमदार १८, म्हणजे जिल्ह्याचं एकूण वजन ३,१५०. सिडकोची स्थापना १९७० ची, त्यामुळे हे मूल्य ज्या जनगणनेवर बेतलं आहे तिच्या वेळी नवी मुंबई जेमतेम कागदावर होती. आज ऐरोली आणि बेलापूरचे आमदार केवढ्या वस्तीचे प्रतिनिधी आहेत, त्याचा या मूल्यात मागमूस नाही.

विचारसरणी मात्र येते, आणि कधी कधी वाकतेही. मतदान गुप्त असतं, पक्षाला व्हिप काढता येत नाही. १९६९ साली इंदिरा गांधींनी ‘विवेकाला स्मरून’ मत द्या म्हटलं आणि काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी यांना हरवून व्ही. व्ही. गिरी निवडून आले. २००७ साली शिवसेना भाजपच्या आघाडीत होती, तरी तिने भैरोंसिंह शेखावत यांना डावलून प्रतिभाताई पाटील यांना मत दिलं, कारण मराठी माणूस राष्ट्रपती होत होता. विचारांच्या कप्प्यात न बसणारी अस्मिता मतपेटीत किती जड असते, ते यावरून कळावं.

ठाण्यात कोणत्या वयाच्या लोकांनी किती मतदान केलं, हे कुठे मिळेल?

मतदारयादीत कोणत्या वयोगटाचे किती मतदार आहेत ते मिळतं. प्रत्यक्ष मतदानाचे आकडे स्त्री-पुरुष असे वेगळे मिळतात. कोणत्या वयाच्या किती जणांनी मत दिलं, याची वयवार आकडेवारी निवडणूक आयोग प्रसिद्ध करत नाही. त्यासाठी लोकनीती-सीएसडीएससारख्या पाहण्यांकडे वळावं लागतं, आणि त्या राज्य पातळीच्या खाली फारशा उतरत नाहीत. २० मे २०२४ ला, सोमवारी, लोकसभेसाठी ठाण्यात मतदान झालं तेव्हा टक्केवारी पन्नाशीच्या जेमतेम वर होती. ‘ठाण्यातल्या तरुणांनी अमुक पक्षाला मत दिलं’ असं कुणी टीव्हीवर ठासून सांगत असेल, तर पाहणी कुणाची आणि किती जणांची, एवढं तरी विचारावं.

मुलगी सतरा वर्षांची आहे. नाव आत्ताच नोंदवता येईल का?

येईल. १९८९ पासून आपल्याकडे मतदानाचं वय १८ आहे, त्याआधी २१ होतं. पूर्वी १ जानेवारीला अठरा पूर्ण नसतील तर वर्षभर थांबावं लागायचं. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत आणि सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज करता येतो. फॉर्म ६ आयोगाच्या पोर्टलवर किंवा अॅपवर भरा, नाहीतर तुमच्या भागातल्या बीएलओकडे, म्हणजे मतदान केंद्र पातळीवरच्या अधिकाऱ्याकडे, द्या. वयाचा आणि पत्त्याचा पुरावा आणि फोटो लागतो. शिक्षणासाठी ती बाहेरगावी वसतिगृहात राहत असेल तर घरचा पत्ता द्यायचा की वसतिगृहाचा, हे तिला ठरवता येतं. दोन्हीकडे नाव ठेवता येत नाही. अर्ज केल्यावर यादीत नाव आलं की नाही ते निवडणूक जाहीर होण्याच्या आधीच तपासा, कारण उमेदवारी अर्जांची मुदत संपत आली की नवी नावं घेणं थांबतं.